दात्याचे यकृत बर्फाच्या पेटीत असताना आणि रक्त पुन्हा सुरू झाल्यावर नेमके काय बिघडते?

वैनगंगा यांची विचारणा

नमस्कार. माझ्या काकांचे नाव यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे. रुग्णालयातील समन्वयक ताईंनी आम्हाला आधीच विचार करून ठेवायला सांगितले आहे, की दुसऱ्या विभागातून, म्हणजे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून, अवयव आला आणि त्यात थोडी चरबी आढळली, तर तो स्वीकारण्यास कुटुंबाची तयारी आहे का. वेळ जितका जास्त, तितके यकृताचे नुकसान जास्त, एवढे आम्हाला समजले. पण अधिक वाचल्यावर असे दिसते, की खरी इजा बर्फात असताना होत नसून रक्त परत सुरू केल्यानंतर होते. हे कसे? जे रक्त अवयवाला जगवते तेच त्याला इजा कशी करू शकेल? शिवाय परदेशात यकृत यंत्रावर ठेवतात असेही वाचले. त्याचा खरोखर फायदा सिद्ध झाला आहे का, आणि आम्ही डॉक्टरांकडे त्याबद्दल विचारणा करावी का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भूलतज्ज्ञ, पुणे

आपण वाचलेले बरोबर आहे, मात्र बर्फातला काळ निरुपद्रवी असतो असा त्याचा अर्थ घेऊ नये. दात्याच्या शरीरातून यकृत काढताना त्यातले रक्त थंड द्रावणाने धुऊन काढतात आणि ते सुमारे 4 अंश सेल्सिअसला ठेवतात. या तापमानाला पेशींची प्राणवायूची गरज नेहमीच्या साधारण एक-दशांशावर येते. पण ती शून्य होत नाही. ऊर्जेचा साठा संपत जातो, पेशीच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियमचा पंप मंदावतो, सोडियम आणि त्यामागोमाग पाणी आत शिरते आणि पेशी फुगू लागतात. ही सूज रोखण्यासाठीच अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्केर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी असे द्रावण बनवले, ज्यातील लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज हे मोठे रेणू पेशीत सहज शिरत नाहीत आणि पाण्याला बाहेरच धरून ठेवतात. 1987 साली ते यकृतासाठी प्रथम वापरले गेले आणि त्यानंतरच दूरच्या गावाहून अवयव आणणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. आजही निरोगी यकृतासाठी बारा तासांच्या आत, आणि जमल्यास आठ-दहा तासांतच, रक्तप्रवाह सुरू करण्याचा आमचा प्रयत्न असतो. चरबी असेल तर ही मर्यादा आणखी आखूड धरतात.

या द्रावणात पोटॅशियम फार जास्त असते आणि ते हृदयाला घातक ठरू शकते. म्हणून रक्तवाहिन्या जोडल्यावर, प्रवाह सोडण्याआधी, ते यकृतातून धुऊन काढणे अत्यावश्यक असते. तरीही रक्तवाहिनी बंद ठेवणारा चिमटा सोडल्यावर थंड, आम्लयुक्त रक्त एकदम हृदयाकडे येते. पहिल्या पाच मिनिटांत रक्तदाब 30 टक्क्यांहून अधिक घसरला आणि निदान मिनिटभर तसाच राहिला, तर आम्ही त्याला पुनःप्रवाहाचा धक्का मानतो. शस्त्रक्रियेच्या संपूर्ण रात्रीतली ही पाच मिनिटे मला सर्वांत जोखमीची वाटतात.

पेशीशास्त्राची शिक्षिका

रक्त इजा कशी करते, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांत, आहे. प्राणवायू नसताना पेशीत सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत जातो. रक्त परतले, की प्राणवायू मुबलक मिळतो आणि हा सगळा साठा एकदम जळू लागतो. मायटोकाँड्रियातला इलेक्ट्रॉनांचा प्रवाह उलट दिशेने ढकलला जातो आणि पहिल्याच मिनिटांत प्राणवायूचे अतिक्रियाशील रेणू मोठ्या प्रमाणात तयार होतात. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरगच्च ताट वाढले, तर त्याला त्रास होतो, तसे हे आहे. 2014 साली केंब्रिजच्या संशोधकांनी ही साखळी उंदरांच्या हृदयासह अनेक अवयवांत स्पष्ट करून दाखवली.

पुढचा टप्पा दाहाचा. यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर थंडीत अगोदरच खिळखिळे झालेले असते. तेथील कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातील संरक्षक पेशी, चेतवल्या जातात, पांढऱ्या पेशींना बोलावतात, आणि काही तासांत सूज वाढून बारीक वाहिन्या अडू लागतात. चरबीने फुगलेल्या पेशींमुळे या वाहिन्या आधीच अरुंद असल्याने अशा यकृताला हा आघात अधिक सोसावा लागतो. समन्वयकांनी चरबीचा मुद्दा आत्ताच काढला आहे, तो याच कारणाने.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पित्तनलिकांना रक्त मुख्यतः यकृत धमनीतूनच मिळते, तर उरलेल्या यकृताला आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या प्रवेशिनी शिरेचाही पुरवठा असतो. त्यामुळे पित्तनलिका या अवयवाचा सर्वांत दुबळा भाग ठरतात आणि त्यांची इजा काही महिन्यांनंतर आकुंचनाच्या, म्हणजे नलिका अरुंद होण्याच्या, रूपाने प्रकट होऊ शकते.

बर्मिंगहॅमहून

यंत्राविषयी मी लिहितो, कारण येथे त्याचा वापर जवळून पाहिला आहे. दोन पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये, अशी माझी विनंती आहे.

पहिली शरीराच्या तापमानाची. यकृत 37 अंशांवर लाल पेशींच्या मिश्रणाने चालू ठेवतात. ते पित्त बनवते, लॅक्टेट (पेशींत तयार होणारे आम्ल) वापरते, म्हणजे ते काम करते की नाही हे रुग्णाच्या पोटात बसवण्याआधीच कळते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत 220 प्रत्यारोपणे होती. यंत्रावर ठेवलेल्या यकृतांची रक्तात उतरणाऱ्या यकृताच्या एन्झाइमवरून मोजलेली इजा निम्मी झाली, टाकून द्याव्या लागणाऱ्या यकृतांचे प्रमाण निम्म्यावर आले, आणि साठवणीचा काळ सरासरी 54 टक्के वाढूनही हे साधले. मात्र पित्तनलिकांच्या गुंतागुंतीत किंवा रुग्ण जगण्याच्या प्रमाणात तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. येथील आणखी एका चाचणीत सर्वांनी नाकारलेली 31 यकृते यंत्रावर तपासली, त्यांतली 22 बसवता आली आणि 90 दिवसांनी सर्व रुग्ण हयात होते. त्यांतल्या चौघांना पुढे पित्तनलिकांच्या आकुंचनामुळे पुन्हा प्रत्यारोपण करावे लागले. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच गांभीर्याने वाचावा.

दुसरी पद्धत थंड प्राणवायूची. प्रवास संपल्यावर, रुग्णाच्या रुग्णालयातच, यकृतातून एक-दोन तास भरपूर प्राणवायू असलेले थंड द्रावण फिरवतात. वरच्या प्रतिसादातील सक्सिनेट त्या थंडीत सावकाश वापरले जाते आणि पेशींचा ऊर्जासाठाही भरतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत लक्षणे देणारे पित्तनलिकांचे आकुंचन 18 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले. पण तेथील सर्व दाते हृदय थांबल्यानंतरचे होते, ज्यांच्या यकृताला काढण्याआधीच उबेत रक्ताविना राहावे लागते.

वैनगंगा

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, मनःपूर्वक आभार. मग आपल्याकडे नेमके काय मागावे? आणि शस्त्रक्रियेनंतर इजा झाली आहे का, हे आम्हा घरच्यांना कशावरून कळेल?

भूलतज्ज्ञ, पुणे

भारतातील मृत्यूनंतरचे अवयवदान जवळजवळ सर्वच मेंदूमृत दात्यांकडून होते, म्हणजे हृदय धडधडत असतानाच यकृत थंड केले जाते. त्यामुळे ग्रोनिंगेनचा आकडा आपल्या रुग्णाला जसाच्या तसा लावता येणार नाही. यंत्र खर्चिक आहे आणि सर्वत्र उपलब्ध नाही, तेव्हा ते नसल्यास काकांचे मोठे नुकसान झाले असे समजू नये. मी आपल्या जागी असतो तर तीन गोष्टी विचारल्या असत्या. यकृताचा तुकडा थिजवून केलेल्या तपासणीत चरबी किती टक्के दिसते आणि त्यात मोठ्या थेंबांची किती, कारण 30 टक्क्यांच्या पुढे बहुतेक चमू फार सावध होतात. दात्याच्या रक्तातील सोडियम अतिदक्षता विभागात 155 च्या खाली आणले होते का. आणि प्रवास धरून थंड काळ एकूण किती होईल. दात्याचे सोडियम व रक्तदाब सांभाळणारे अतिदक्षता विभागातील डॉक्टर आणि परिचारिका यांच्या कामावर यकृताचे भवितव्य पेटी बंद होण्याआधीच बरेच ठरते, आणि त्यांचा उल्लेख क्वचितच कोणी करते, याची मला खंत वाटते.

नंतरच्या तपासण्यांबाबत सांगायचे, तर एएसटी आणि एएलटी ही यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारी एन्झाइम पहिल्या दोन दिवसांत चढतात, ते अपेक्षितच आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत उतार स्पष्ट दिसायला हवा. पहिल्या आठवड्यात यांपैकी एक 2,000 च्या वर गेले, किंवा सातव्या दिवशी बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य) 10 अथवा अधिक, किंवा आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) 1.6 अथवा अधिक राहिला, तर यकृताचे सुरुवातीचे काम कमी पडते आहे असे मानतात. बहुतेक रुग्ण त्यातूनही सावरतात, पण लक्ष वाढवले जाते. पित्तनलिकांची इजा मात्र या आकड्यांत दिसत नाही. घरी परतल्यावर काही महिन्यांनी अंगाला खाज, थंडी वाजून ताप किंवा पुन्हा कावीळ दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण विभागाला कळवा.