रिमॅपनंतरचा डायनोचा आकडा
रिमॅपनंतर (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलल्यावर) तुमची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय पुण्यातल्या डायनोवर (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) १३५ दाखवते, म्हणजे कंपनीच्या ११० पीएसवर (पीएस म्हणजे अश्वशक्ती) सरळ २५ वाढले, हा तुमचा हिशेब मला पटत नाही. कंपनीचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनातून निघणाऱ्या ताकदीचा असतो, रोलर मोजतो तो चाकावरचा. मधे गिअरबॉक्स आणि टायर ताकद खातातच. तुमचे १३५ यांतले कुठले, ते ट्यूनरला आधी विचारा.

मग करेक्शन, म्हणजे हवेचा दाब आणि तापमान बघून आकड्यात केलेली दुरुस्ती. डायनोच्या शीटवर या दुरुस्तीचं मानक एसएई लिहिलंय की एसटीडी? एसटीडी साधारण ४ टक्के जास्त दाखवतं. त्यात पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. विरळ हवेची भरपाई साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला रास्त आहे, पण टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) ती उणीव बरीचशी स्वतःच भरून काढतो. त्यावर पुन्हा करेक्शन लावलं की आकडा फुगतो.

रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा रन (मोजणी) एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये, टायरमधली हवा तेवढीच ठेवून घ्या. आणि कृपया एका रनवर थांबू नका, सलग तीन काढा. तिसऱ्यात ताकद पडली तर बहुतेक इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा भाग) तापतोय, आणि एप्रिल-मे महिन्यात रस्त्यावर तेच होणार. पीकपेक्षा (सगळ्यात वरच्या आकड्यापेक्षा) मी २००० ते ४००० आरपीएममधला टॉर्कचा आलेख आधी बघतो. रोजची गाडी तिथेच चालते.