‘अस्तित्वाचा हक्क’ मान्य आहे का? – या सवालाला काय उत्तर द्यायचं?

मुद्द्याचं_बोला:
वेस्ट बँकमधल्या (इस्रायलनं ताब्यात घेतलेल्या पॅलेस्टिनी भागातल्या) इस्रायली वसाहतींचा विषय काढला की लगेच विचारतात, "आधी सांगा, इस्रायलला अस्तित्वाचा हक्क आहे की नाही?" उलट हमास या पॅलेस्टिनी संघटनेनं ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्याबद्दल विचारलं तर, "मग १९४८ चं काय?", म्हणजे इस्रायलच्या स्थापनेवेळी पॅलेस्टिनी विस्थापित झाले त्याचं काय. मूळ प्रश्न दोन्हीकडे अधांतरीच. आंतरराष्ट्रीय कायद्यात असा हक्क खरंच आहे का? आणि वाद परत मुद्द्यावर कसा आणायचा?

सनद:
या नावाचा वेगळा हक्क कायद्यात नाही. १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात राज्य ठरण्याच्या चार अटी आहेत: कायमची लोकसंख्या, निश्चित प्रदेश, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. एकदा राज्य झालं की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) त्याच्या प्रादेशिक अखंडतेला आणि राजकीय स्वातंत्र्याला संरक्षण देतं. इस्रायल ११ मे १९४९ पासून सदस्य आहे, म्हणजे हे संरक्षण त्याला आहेच. पण त्यातून वसाहती कायदेशीर ठरत नाहीत. अस्तित्व, सीमा आणि राज्याचं स्वरूप हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. सगळा घोळ ते एकात कोंबल्यामुळे होतो.

जुनी_कात्रणं:
करारांतही तो फरक दिसतो. इजिप्तबरोबरच्या १९७९ च्या करारात दोन्ही देशांनी एकमेकांचा सुरक्षित व मान्य सीमांमध्ये शांततेनं राहण्याचा हक्क मानला. ९ सप्टेंबर १९९३ च्या पत्रात पीएलओचे (पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे) नेते अराफत यांनी इस्रायलचा शांततेत व सुरक्षिततेत अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला. बदल्यात इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांनी पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचे प्रतिनिधी मानलं, पॅलेस्टाइनच्या राज्याला नव्हे. ही विषमता कुणी बोलून दाखवत नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. ‘ज्यू राष्ट्र म्हणून मान्यता द्या’ ही अट पुढे नेतान्याहूंनी लावून धरली.

भारताचंच बघा. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं, तरी १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइनलाही.

सरळ_उत्तर:
वादात माझा क्रम असा. सवालाला एका वाक्यात उत्तर द्यायचं: "हो, इस्रायल राज्य आहे आणि ते बळानं मिटवणं गैर आहे." लगेच पुढे, "आता वसाहतींबद्दल तुमचं मत सांगा." लोक इथेच चुकतात. सवालच चुकीचा कसा हे पटवत बसतात, ते टाळाटाळ केल्यासारखं दिसतं आणि चर्चा तिथेच अडकते.

सवाल दरवेळी आडवळणाचा असतो असंही नाही. हमासच्या १९८८ च्या सनदेत इस्रायल नष्ट करण्याची भाषा होती. त्यामुळे विचारणाऱ्याची भीती खरी असू शकते, ती झटकू नका.

सनद:
‘१९४८ चं काय?’ यालाही तीच कसोटी लावा. समोरचा आधी "ओलीस ठेवणं, नागरिकांना मारणं गुन्हाच आहे" असं म्हणत असेल, तर साडेसात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी विस्थापित झाले हा संदर्भ विषयाचाच भाग आहे, आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. ते न म्हणता थेट १९४८ वर उडी मारली, तर मूळ प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारा. शब्द बदललेत की त्याला नवा फाटा फोडायला जागा मिळते.