मासळीच्या गाडीत झोपायची सोय केली आहे, आत ऊब कशाने ठेवू?

पफवाला_हर्णै

नमस्कार मंडळी. मी हर्णैचा. बरीच वर्षं बंदरावरून मुंबई-पुण्याला मासळी पोचवली. आता मुलाने मोठी गाडी घेतली, त्यामुळे माझी जुनी बोलेरो पिकअप मोकळी झाली. मागे पफचा डबा आहे, म्हणजे भिंतींत फोम भरलेला, मासळी गार ठेवायचा. आतून साडेआठ फूट लांब, साडेपाच रुंद, तेवढाच उंच, भिंती ६० एमएम. सोडा, लिंबू, चिंच, फिनेल, सगळं लावून धुतला. बांगड्याचा वास गेला असं माझं म्हणणं आहे, बायकोचं नाही. आत फळ्या ठोकून दोघांचं अंथरूण केलंय, खाली सामानाचे कप्पे. आरटीओचे कागद चालू आहेत, त्यावर कृपा करून कोणी सुरू होऊ नका.

फेब्रुवारीत मी आणि मेहुणा हिमाचलात, स्पितीतल्या काझाला जाणार. शिमला, रामपूर, किन्नौर, ताबो असं, कारण मनालीकडून कुंझुम खिंड तेव्हा बंद असते. मेहुण्याला हिमबिबट्या बघायचाय. मी जन्मभर बर्फाच्या लाद्या विकत घेतल्या, मला एकदा फुकटचा बर्फ बघायचाय.

तिकडे रात्री उणे २० पर्यंत जातं म्हणतात. आमच्या दापोलीत पारा दहाच्या खाली आला की लोक फोटो काढतात, एवढाच आमचा थंडीचा अनुभव. म्हणून गेल्या महिन्यात महाबळेश्वरला एक रात्र काढून बघितली. घरची लोखंडी शेगडी नेली होती. कोळसे बाहेर फुलवले, धूर पूर्ण थांबल्यावर शेगडी आत घेतली. तळाशी मासळीचं पाणी जायचं भोक आहे, तिथून वारा येत होता, म्हणून फडकं कोंबलं. दाराला आतून कडी नाही, ते सुतळीने ओढून बांधलं. वीस मिनिटांत बनियनवर बसलो! डबा थंडी धरायला केलाय, तो ऊबही धरतो.

पाऊण तासाने मेहुण्याला मळमळायला लागलं, माझंही डोकं ठणकत होतं. घाटाची वळणं आणि रात्रीचं मटण, असं आम्ही ठरवलं. तो उलटीला बाहेर पळाला, मग दार उघडंच राहिलं आणि शेगडीही बाहेर गेली. सकाळी दोघे ठणठणीत.

प्रश्न असा, की शेगडीच बरी, का सिलिंडरवर बसतो तो गॅसचा हीटर घ्यावा? का रात्रभर इंजिन चालू ठेवून केबिनची गरम हवा मागे आणावी? ऑनलाइन डिझेलचा हीटरपण दिसतो. वीस हजारांपर्यंत तयारी आहे.

मालवणी_झील

मटणाक कशाक दोष देतंस रे? ता बिचारा पोटात गप होता. मेव्हण्याक उलटी झाली म्हणान दोघव वाचलास. शेगडी पयली गाडयेतसून भायर काढ, मगे बाकीचा बोल.

सिस्टर_चिपळूण

दादा, वरच्यांनी हसत सांगितलंय पण खरं तेच आहे. ती घाटाची वळणं नव्हती. दोघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ, आणि बाहेरच्या हवेत गेल्यावर आराम, ही कार्बन मोनॉक्साइडची ओळख आहे. कोळशाचा धूर संपला म्हणजे हा वायू संपला असं नाही. लालबुंद निखाराच तो सोडत असतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आणखी तासभर दार बांधलेलं असतं तर मेहुण्यांना उठून पळायचं बळ राहिलं नसतं.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी करतात. माझ्या आजीच्या घरी खोलीत निखारे असायचे आणि कोणाला काही झालं नाही, हे मला प्रत्येक घरी ऐकवतात. आजीचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटीतून चांदणं दिसायचं, तिथून काय काय निघून जात असेल! आता स्लॅब आणि सरकत्या खिडक्या आल्या, शेगडी तीच राहिली. तुमचा डबा तर त्याहून घट्ट, आणि त्याचं एकमेव भोकही तुम्ही बुजवलंत.

काझाला आणखी एक घोळ होतो. बारा हजार फुटांवर विरळ हवेनेही डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. म्हणजे दोन्हींची लक्षणं सारखीच. माणूस म्हणतो उंची लागली, आणि दार लावून पडून राहतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर तर विसंबूच नका. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आकडा ९८ दाखवेल. तिथे डोकं दुखलं तर पहिलं काम दार उघडून दोघांनी बाहेर येणं. गोळी नंतर. बाहेर येऊनही गुंगी उतरली नाही तर थेट दवाखाना, ऑक्सिजन लावावा लागतो.

गॅसच्या हीटरबद्दल एवढंच सांगते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दामणला केरळचे आठ पर्यटक एका खोलीत झोपेत गेले, त्यात चार मुलं. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारं-खिडक्या आतून बंद.

सुभेदार_खेड

मी लष्करात गाड्या चालवल्या, दोन हिवाळे लेहकडे. आमच्याकडे बुखारी असायची, रॉकेलवर चालणारी, छतातून चिमणी काढलेली. तरीही झोपण्याआधी ती विझवायची, आणि विझली हे पहाऱ्यावरच्याने येऊन बघायचं. एका रात्री वादळात चिमणीच्या तोंडावर बर्फ बसला. आत पत्ते चालू होते. दोघे हातातले पत्ते न टाकताच डुलायला लागले, आम्ही त्यांची थट्टा करत होतो. बाहेरून आलेल्याने दार सताड उघडलं म्हणून आज हे लिहितोय.

इंजिन चालू ठेवून झोपणं नको. मागे बर्फ साचला की सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि धूर गाडीखालून वर येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं गेली. थंडी आणि हा धूर, दोन्ही कारणं होती.

ते सुतळीचं प्रकरण मला शेगडीइतकंच खटकलं. ओली सुतळी गोठली की लाकूड होते, अंधारात बोटांनी गाठ सुटत नाही. आणि डबा रिकामा समजून रस्त्यावरचा कोणी शहाणा बाहेरची कडी लावून गेला तर? आतून ढकलून उघडणारी कडी वेल्डरकडून बसवून घ्या. हीटर त्यानंतर.

बाकी ऊब आगीतून कमी आणि अंथरुणातून जास्त मिळवा. थंडी खालून येते. फळीवर काथ्याची जाड गादी, त्यावर फोम, मग स्लीपिंग बॅग. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी ठेवा. कानटोपी घालून झोपा, मेहुणा हसला तरी.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी असेल तर इथेच काढा, निम्मं कूलंट घाला. पाणी गोठलं की इंजिनाचा ब्लॉक फुटतो. आणि घरून डिझेलचा कॅन भरून नेऊ नका, आपलं डिझेल तिकडे मेणासारखं होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते उगाच नाही. वर चढत जाल तसं वाटेतल्या पंपांवर विचारून भरा.

मिरकरवाडा_इंजिन

मी बोटींची इंजिनं बघतो, त्यामुळे डिझेल हीटरवर बोलतो. तुमच्या यादीत झोपताना चालवण्यासारखा तोच एक आहे, कारण त्यात ज्योत बंद कोठीत असते. जळायला हवा गाडीखालून घेतो, धूर गाडीखाली सोडतो, तुमच्यापर्यंत फक्त गरम झालेली हवा येते. अर्थात नळ्या नीट बसवल्या तर.

तुमच्या डब्याचा हिशेब करून बघितला. सहा बाजू मिळून २३ चौरस मीटर. बाहेर उणे २०, आत १५ धरलं तर एवढ्या पफमधून जेमतेम ३०० वॅट उष्णता बाहेर जाते. दाराचं रबर, सांधे आणि हवेची भोकं यांतून आणखी चारशे-पाचशे. दोन माणसं झोपेत स्वतःच दीडशे वॅटच्या आसपास देतात. म्हणजे २ किलोवॅटचा हीटर पुरून उरतो. दुकानदार ५ चा गळ्यात मारेल, घेऊ नका. तो कायम मंद चालेल आणि काजळी धरेल. ट्रॉलर नुसता गुरगुरत ठेवला की नोझलला कार्बन बसतो, तसंच. उंचावर विरळ हवेत काजळी आणखी वाढते, म्हणून डिझेलचा पंप उंचीप्रमाणे कमी करायची सोय असलेलाच घ्या.

सुरू होताना तो दहा अँपिअरच्या आसपास खेचतो, मग एक-दोनवर येतो. त्याला वेगळी बॅटरी द्या, नाहीतर सकाळी स्टार्टर फिरणार नाही. रात्रीला लिटर-दीड लिटर डिझेल. बंद करताना वायर ओढू नका, पंखा काही मिनिटं फिरून कोठी गार करतो. साधा विजेचा हीटर बॅटरीवर चालवायचा विचार असेल तर सोडा. १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास, हजार वॅटचा हीटर ती तासाभरात पिऊन टाकेल.

पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. धुराची नळी तळातून जाते तिथे पफ मोठा कापा, लोखंडी बाही घाला, भोवती उष्णता सोसणारं पॅकिंग. या एका भोकावर घाई करू नका.

आणि फडकं काढा! आग नसली तरी दोन माणसं सात घनमीटर बंद हवेत आठ तास झोपली तर कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांच्या आसपास जातो. मोकळ्या हवेत तो ०.०४ असतो. तळाचं भोक जाळी लावून उघडं ठेवा, समोरच्या भिंतीत वर दुसरं पाडा. स्वयंपाक बाहेर किंवा दार उघडं ठेवून. किलोभर गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, रात्री ते छतावरून तुमच्याच नाकावर ठिबकेल.

मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर लावा. खोक्यावर ईएन ५०२९१ भाग २ असेल तो, गाड्या-बोटींसाठीचा. गॅस सिलिंडर नेत असाल तर गळतीचा अलार्म वेगळा आणि जमिनीजवळ, एलपीजी खाली बसतो.

पफवाला_हर्णै

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं वाचून बायकोला सांगायला नको होतं. तिने शेगडी माळ्यावर टाकली आणि माळ्याची शिडी शेजारी दिली.

सुभेदार साहेब, कडी झाली. मेहुण्याला आत बसवून बाहेरची कडी लावली आणि मी चहाला गेलो. परत आलो तर तो माझ्या आधी टपरीवर. फडकं काढलं, जाळी बसली. वरचं भोक पाडताना आतून पफचा भुगा निघाला, त्याला अजून बांगड्याचा वास आहे. बायको जिंकली.

२ किलोवॅटचाच मागवलाय. दोन्ही अलार्म आले. एक मेहुण्याच्या बाजूला, कारण त्याची झोप जड. हीटर बसला की पुन्हा महाबळेश्वर, दोन रात्री. मटण होणारच आहे, म्हणजे कळेल तरी.

एक अडलंय. हीटरचा धूर कुठल्या अंगाला काढू? सायलेन्सर उजवीकडे, तळाचं हवेचं भोक मागे डाव्या कोपऱ्यात.

मिरकरवाडा_इंजिन

उजवीकडेच, मधल्या भागात, तोंड बाहेरच्या दिशेने. मागच्या दाराखाली अजिबात नको. हीटरची हवा ओढायची नळी त्यापासून लांब, पुढच्या अंगाला. धुराच्या नळीला तोंडाकडे किंचित उतार द्या, नाहीतर वाफेचं पाणी खोलगट जागी साचून गोठेल आणि सकाळी हीटर पेटणार नाही. गाडी उभी केली की बर्फ तिथवर चढलाय का ते झोपण्याआधी वाकून बघा.