मूळ दिग्दर्शकाशिवाय सिक्वेल?

मूळ दिग्दर्शक येत नसेल तर दुसरा भाग काढूच नये, हे या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. पटत नाही. 'एलियन' (१९७९) रिडली स्कॉटचा, 'एलियन्स' (१९८६) जेम्स कॅमेरॉनचा, आणि दुसरा पहिल्याची नक्कल करत नाही म्हणूनच टिकला. पटकथाही कॅमेरॉननेच लिहिली होती. दिग्दर्शन त्याच्या हाती आलं ते त्याचाच 'द टर्मिनेटर' चालल्यावर. बजेट साधारण १.८५ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाही फार नाही. एलियनचे पोशाख मोजकेच, सहाच्या आसपास. तरी पडद्यावर झुंड वाटते, कारण अंधुक प्रकाश, चमकणारे दिवे आणि एकेका शॉटची लांबी जेमतेम. पोशाख जास्त वेळ दिसला की रबर कळतं! एलियन्सची राणी मात्र जवळपास १४ फुटी बाहुली: आत दोन माणसं हात हलवायला, बाकी भार क्रेनवर, डोकं आणि पाय हायड्रॉलिक्स, केबल आणि दांड्यांवर.

इथल्या वादात कॅमेरामनचा विषय कुणीच काढलेला नाही. 'एलियन्स'चा पहिला सिनेमॅटोग्राफर डिक बुश एलियनच्या पोळ्याच्या सेटवर कॅमेरॉनला हवा त्यापेक्षा जास्त प्रकाश करत होता, म्हणून त्याला काढलं. त्याच्या जागी आलेला एड्रियन बिडल 'एलियन'वर फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा, होता. दिग्दर्शक नवा असला तरी पहिल्या भागाचा अंधार जवळून पाहिलेला माणूस कॅमेऱ्यामागे होता. 'ब्लेड रनर २०४९'मध्येही दनी विलनव्ह नवा, पण लेखकांत हॅम्प्टन फॅन्चर मूळ 'ब्लेड रनर'चाच. तेव्हा अशा सिक्वेलचं नाव सुचवताना दिग्दर्शकासोबत पटकथा कोणाची आणि कॅमेरा कोणाचा, तेही लिहा.