मदत हवी आहे: आईची बीपीची गोळी बंद करू का?

काजवा: आईचे रिपोर्ट आले. शुगर ११८, एकूण कोलेस्टेरॉल २२८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६५, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८. इतकी वर्षं नुसतं बीपी होतं, बाकी काही नाही. वाचलं की बीपीच्या गोळीनेच शुगर वाढते. बंद करून बघू का? डॉक्टरांची वेळ थेट गुरुवारची आहे, तेव्हा "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका प्लीज.

उंबरठा: कोणती गोळी? वय? शुगर उपाशीपोटीची की जेवणानंतरची?

निवांत_२: चालायला लावा. रोज ४५ मिनिटं. माझे ट्रायग्लिसराइड चार महिन्यांत ३१० वरून १६० वर आले.

काजवा: गुडघे दुखतात तिचे. शुगर उपाशीपोटीची. गोळी पांढरी, छोटी, सकाळी एक.

उंबरठा: अहो, निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि छोट्याच असतात! स्ट्रिपच्या मागे काय लिहिलंय?

आडवाटेने: आता कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, स्टॅटिन, गळ्यात मारतील बघा. घेऊ देऊ नका, त्यानेच शुगर वाढते.

उंबरठा: अर्धवट सांगून घाबरवू नका. थोडी वाढते, खरं आहे. पण ज्यांना धोका जास्त, त्यांचा हार्ट अटॅक आणि पक्षाघात टळतो, त्यापुढे ती वाढ किरकोळ.

आडवाटेने: माझ्या मेहुण्याचे पाय इतके दुखायचे की जिना चढवत नव्हता. ते किरकोळ नव्हतं.

रुमाल: अवांतर: बीपीचं मशीन मनगटाचं घ्यावं की दंडाचं?

निवांत_२: दंडाचं. पट्टा मापाचा बघा, आखूड पट्टा बीपी जास्त दाखवतो.

काजवा: मशीनचा वेगळा धागा काढा ना! आई ६१ वर्षांची. स्ट्रिपमध्ये एकच गोळी उरलीय, मागचा कागद फाटलाय. "टेल्मिसार्टन ४०" आणि खाली "क्लोरथॅ", पुढचं गायब.

उंबरठा: क्लोरथॅलिडोन. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. सोबत पोटॅशियमही जातं, आणि ते घटलं की इन्सुलिन कमी सुटतं, म्हणून काहींची शुगर चढते. तुम्ही वाचलंत ते चूक नाही. पण परस्पर बंद केलंत तर बीपी उसळेल. गुरुवारी पोटॅशियम, क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासायचं का आणि गोळी बदलता येईल का, हे विचारा. सगळा दोष गोळीचाही नसेल. बीपी, पोटाचा घेर, चढे ट्रायग्लिसराइड, बायकांत ५० च्या खाली एचडीएल, शुगर ही मंडळी बहुधा घोळक्यानेच येतात. एचबीएवनसी, म्हणजे सरासरी शुगरची तपासणी, केलंय का?

काजवा: रिपोर्टला दुसरं पान होतं, उलटलंच नव्हतं. ६.१ आहे. आणि आई आत्ता सांगतेय, रक्त द्यायच्या आधी चहा घेतला होता. साखरेचा. "घोटभर चहाने काय होतंय!"

उंबरठा: झालं! मग ११८ वर विसंबू नका. ६.१ मात्र एका चहाने हलत नाही, ती दोन-तीन महिन्यांची सरासरी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

निवांत_२: आयडीला जागलात.

उंबरठा: :) हिमोग्लोबिन किती? लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं.

काजवा: ते केलेलंच नाही. सोमवारी पुन्हा रक्त देतोय, तेव्हा हिमोग्लोबिनही करून घेतो. गोळी चालूच ठेवतो. त्या दिवशी साखरेचा डबा माझ्या ताब्यात.

रुमाल: दंड उजवा की डावा?