२३ गेमा, विकत घेतलेली एकही नाही: पायरसीनं हँडहेल्डचा धंदा खरंच बसतो का?

भडंग_कोरडं (सांगली):

घर रंगवायला काढलंय. माळ्यावर बारावीच्या गाइडांच्या खोक्यात माझा पीएसपी, सोनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल, सापडला. काळा, स्लिम, २००० सिरीजचा. बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. ती काढून नुसता चार्जर लावला तर गडी चालू झाला की! मेमरी कार्डात २३ गेमा, आणि त्यातली पैसे देऊन घेतलेली ओरिजिनल एकही नाही.

२००९ साली मी अकरावीत. कन्सोल मामानं दुबईहून आणलेला. गेम कुठं मिळते म्हणून विचारत फिरलो तेव्हा मारुती रोडच्या आतल्या बोळात एक मोबाईलवाला म्हणाला, "भरून देतो." ५० रुपयाला एक, पाच घेतल्या तर २००. त्याच्याकडं 'जादूची बॅटरी' होती. ती घातली की पीएसपीला वाटायचं आपण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात आलोय, आणि मग कार्डावरून काय द्याल ते निमूट खायचा. जगभर तिला पॅन्डोरा बॅटरी म्हणतात हे फार पुढं कळलं. एकदा कस्टम फर्मवेअर (कंपनीच्या जागी बाहेरचं सॉफ्टवेअर) चढलं की १.८ जीबीची यूएमडी, म्हणजे गेमची छोटी डिस्क, पिळून कार्डात बसायची. (कार्डपण डुप्लिकेट होतं. चोरीच्या गेमा चोरीच्या कार्डात.)

हे सगळं आज आठवायचं कारण असं की परवा भाच्याला वाढदिवसाचा स्विच, निन्टेंडोचा कन्सोल, घ्यायला पुण्याला गेलो. दुकानदार हळूच म्हणाला, "चिप टाकून देऊ का? आयुष्यभर गेमा फुकट." भाचा माझ्याकडं बघतोय. मी नको म्हटलं. पण का नको म्हटलं ते मला अजून नीट सांगता येईना. कारण माझं मत विचाराल तर आम्ही कुणाचं काही बुडवलं नाही.

जपानमध्ये सीईएसए नावाची गेम कंपन्यांची संघटना आहे. त्यांनी २०१० साली हिशेब मांडला की डीएस (निन्टेंडोचा हँडहेल्ड) आणि पीएसपीवरच्या पायरसीनं २००४ ते २००९ मध्ये जगभरात ३.८१६ लाख कोटी येन बुडाले. काढला कसा? सगळ्यात खपणाऱ्या २० जपानी गेमांचे साइटांवरचे डाउनलोड मोजले, पूर्ण किमतीनं गुणले, आणि जपान म्हणजे जगाच्या बाजाराचा चौथा हिस्सा म्हणून परत चारनं गुणलं. म्हणजे माझ्या २३ पण त्यात असणार, प्रत्येकीची छापील किंमत लावून. तीसेक हजार रुपये होतात. अकरावीच्या पोराकडं? घरातनं एसटीच्या पासाला पैसे मागताना बोबडी वळायची.

जे पैसे कधी येणारच नव्हते ते बुडाले कसे? जाणकारांनी बोलावं.

पोवईनाका (सातारा, सध्या पुणे):

साफ असहमत. आधीच सांगतो, मी गेम बनवणाऱ्या सात जणांच्या टीममध्ये आहे, त्यामुळं मी काही पंच नाही.

हिशेब तुम्ही बरोबर खोडलात. पण आकडा फुगवलेला आहे म्हणजे नुकसान शून्य, हे कुठल्या शाळेत शिकवतात? एसटीत विनातिकीट बसलेल्यांपैकी निम्मे तिकीट काढायलाच लागलं असतं तर चालत गेले असते. मान्य. उरलेल्या निम्म्यांचं काय? आणि त्या जपानी हिशेबात टॉरंटवरून उतरवलेलं धरलेलंच नव्हतं, तेही सांगायचं की.

पण मला खरी गंमत तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात वाटली. पाचला २०० म्हणजे २० गेमांचे ८००, वरच्या तिन्हींचे १५०. तुम्ही ९५० रुपये मोजलेत! पास काढायला बोबडी वळणाऱ्या पोरानं ९५० रुपये गेमांवर खर्च केले. म्हणजे गिऱ्हाईक होतं, पैसा होता, द्यायची तयारी होती. तो पैसा बोळातल्या माणसाला मिळाला, डुप्लिकेट कार्डवाल्याला मिळाला, फक्त ज्यानं दोन-तीन वर्षं बसून गेम बनवली त्याला एक पैसा नाही. 'फुकट' खेळलात असं तुम्हीच समजून बसलाय.

कट्ट्यावरचा_गणू:

पॉपकॉर्न नाही, भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

अवांतर: ती फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका. आणि टाचणीबिचणी लावून हवा काढायला तर अजिबात जाऊ नका, पेट घेते. ई-कचऱ्यात द्या.

आयर्विन_पूल (सांगली):

दादा लोक, २००९ सोडा, आजचं बोला. निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकतच नाही. ई-शॉप ह्या त्यांच्या ऑनलाइन दुकानाच्या देशांच्या यादीत आपण नाही. कन्सोल ग्रे मार्केटचा, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडाची. गेम घ्यायची तर दुसऱ्या देशाचं खातं काढा, कुणाकडून तरी तिथलं गिफ्ट कार्ड मिळवा. मी विश्रामबागेत होस्टेलला राहतो, मला पैसे देऊन घ्यायची होती तेव्हा हे सगळं केलंय. जो आपल्याला गिऱ्हाईकच धरत नाही, त्याचं गिऱ्हाईक आपण बुडवलं म्हणणं विनोदी आहे.

आता आकडे. झेल्डाची 'टीअर्स ऑफ द किंगडम' १२ मे २०२३ ला आली. त्याआधीच ती फुटली होती. निन्टेंडोनं पुढं युझू ह्या एम्युलेटरवर (स्विचच्या गेमा पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर) दावा लावला त्यात स्वतःच म्हटलंय की बाजारात यायच्या आधी ती १० लाखांहून जास्त वेळा उतरवली गेली. बरं मग खप किती झाला? पहिल्या तीन दिवसांत १ कोटी. युझूवाल्यांनी मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड केली, पण गेम काय बसली नाही.

आणि जुनं काढायचं तर काढू. डीएसला आर४ कार्ड (चोरीच्या गेमा चालवणारं) गल्लोगल्ली मिळायचं, तरी डीएस १५ कोटींच्या वर खपला. पीएसपीनंतरचा सोनीचा पीएसव्हिटा कित्येक वर्षं कुणाला फुटला नाही, त्याचं काय झालं? पीएसपीच्या पासंगाला पुरला नाही. कुलूप घट्ट ते दुकान ओस, कडी मोडलेल्या दुकानात रांग.

पोवईनाका:

@आयर्विन_पूल, लेका, कन्सोलचा खप आणि गेमचा खप एकाच पोत्यात भरतोयस. कडी मोडली की कन्सोल खपणारच! चूल खपते, सरपण चोरीचं. पण हा धंदा चुलीवर चालत नाही, सरपणावर चालतो. व्हिटा मेला तो स्मार्टफोन आल्यामुळं आणि सोनीनं स्वतःची महागडी मेमरी कार्डं गळ्यात मारल्यामुळं. कुलूप चांगलं होतं म्हणून नाही मेला.

झेल्डाचं उदाहरण मला कायम ऐकवतात. ती निन्टेंडोची घरची, जगभर जाहिरात, सहा वर्षं लोक वाट बघत बसलेले. हत्तीच्या पाठीवरून चार पेंढ्या पळवल्या तर हत्तीला कळत नाही. आम्ही शेळ्या आहोत.

आयर्विन_पूल:

शेळीचं मान्य. पण 'मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड' ह्याच पीएसपीवर, डिसेंबर २०१० मध्ये, फक्त जपानात आली. तोपर्यंत पीएसपीचं कुलूप पार खिळखिळं झालेलं. तरी ४५ लाखांच्या वर खपली. त्याच मशीनवर जपानी पोरं विकत घेतात आणि सांगलीची पोरं भरून घेतात, तर फरक पोरांच्या संस्कारात आहे की दुकानात?

मिरजेची_माई:

मला कन्सोलमधलं काही कळत नाही. मिरजेत पुस्तकांचं छोटं दुकान आहे, म्हणून 'घेणारच नव्हते' ह्या शब्दांवर थांबले.

दिवाळी अंक दुकानात लागतो त्याच्या चौथ्या दिवशी त्याची पीडीएफ आमच्याच फॅमिली ग्रुपवर येते. पाठवणारे माझे सख्खे दीर. खाली नमस्काराचे हात, 'वाचनसंस्कृती वाढवूया'. मी बोलले तर म्हणाले, "वहिनी, हे लोक तसेही घेणार नव्हतेच." त्याच ग्रुपमधल्या दोन नणंदा आधी दरवर्षी माझ्याकडून अंक घेऊन जायच्या. आता येत नाहीत. 'घेणार नव्हते' हे घेणाऱ्यांच्या बाबतीतही हळूहळू खरं व्हायला लागतं, हा माझा अनुभव. फुकटची सवय लागली की २०० रुपयेसुद्धा महाग वाटतात.

भडंग_कोरडं, तुम्ही नोकरीला लागल्यावर किती गेमा विकत घेतल्यात?

भडंग_कोरडं:

माई, वर्मावर बोट ठेवलंत. उत्तर देतो: पीसीवर चाळीसेक घेतल्यात, सेलमध्ये. त्यातल्या निम्म्या उघडल्यापण नाहीत. म्हणजे सवय तरी बिघडली नाही म्हणायची. उलट गेमचा नाद लागला तो त्या २३ मुळंच. फुकटात चाखलं नसतं तर आज गिऱ्हाईक झालो असतो का?

पोवईनाकाकरांच्या ९५० रुपयांवर मात्र माझ्याकडं उत्तर नाही. काल रात्रीपासून तोच आकडा डोक्यात आहे.

निवांत_वाचक:

ह्या 'चाखून गिऱ्हाईक' मुद्द्याला थोडा आधार आहे. युरोपियन कमिशननं एकॉरिस ह्या संस्थेकडून अभ्यास करून घेतला होता. सहा देश, जवळपास ३० हजार माणसं, ३०७ पानी अहवाल. २०१५ मध्ये तयार झाला आणि गुपचूप पडून राहिला. ज्युलिया रेडा ह्या खासदारबाईंनी मागितला तेव्हा कुठं २०१७ मध्ये बाहेर आला. ताज्या गाजलेल्या चित्रपटांना फटका बसतो, असं त्यात निघालं. गेमांच्या बाबतीत तर पायरसीचा खपावर परिणाम चक्क वाढीच्या बाजूनं निघाला.

पोवईनाका:

तो अहवाल मी पाठ केलाय, कारण दर चर्चेत तोंडावर फेकतात. त्यातच लिहिलंय की परिणाम नाहीच असा ह्याचा अर्थ नाही, तो आकडेवारीनं पुरेशा खात्रीनं सिद्ध होत नाही इतकंच. हे कुणी सांगत नाही.

त्यापेक्षा २०२४ चा विल्यम व्होल्कमन ह्यांचा पेपर बघा. डेनुवो ह्या पायरसीविरोधी सॉफ्टवेअरचं कुलूप लावलेल्या, स्टीम ह्या पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानातल्या ८६ गेमा घेतल्या. गेम पहिल्याच आठवड्यात फुटली तर उत्पन्नात साधारण २० टक्के घट. आणि १२ आठवड्यांनंतर फुटली तर? जवळजवळ काहीच नाही. हे पीसीचं आहे, हँडहेल्डचं नाही, त्यामुळं जसंच्या तसं लावू नका. पण मला ते पटतं, कारण आमचा पगार निघतो तो पहिल्या महिन्यात. त्यानंतर कुणी भरून घेतली तर मी त्याच्या दारात भांडायला जाणार नाही.

म्हणजे तुमच्या २३ गेमा किती जुन्या होत्या त्यावर आहे. २००५ ची गेम २००९ मध्ये भरून घेतली असेल तर झोपा निवांत.

काळाकोट:

नैतिक कुस्ती चालू राहू द्या, कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्क मोडायच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यालाही कलम ६३ब आहे. स्वतः विकत घेतलेल्याचा बॅकअप कलम ५२ मध्ये बसतो. बोळातला बसत नाही. शिवाय चिपवाला स्विच ऑनलाइन नेला आणि निन्टेंडोनं बॅन केला की दाद मागायला भारतात त्यांचं दुकानही नाही. भाच्याला नको म्हणालात ते ह्यासाठी तरी बरं केलंत.

शटर_खाली:

हे सगळं पोरानं वाचून दाखवलं म्हणून लिहितोय. टायपिंगची सवय नाही, चुका पोटात घाला.

सांगलीत ओरिजिनल गेमा ठेवणारं एक दुकान होतं, ते माझं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. सोनीनं 'देसी अड्डा' काढली होती, पीएसपीवरपण होती. कबड्डी, विटीदांडू, पतंग. मला वाटलं आपल्या मातीतली आहे, ही तरी खपंल. सहा पीस आणले. पोरं यायची, खोकं उलटसुलट करून बघायची, मागची चित्रं वाचायची आणि विचारायची, "काका, ही भरून मिळती का?" तीन गेल्या. त्यातली एक पाहुण्याला आहेर म्हणून मीच दिली.

पण वर ते सातारकर म्हणतात तसं नुसतं बोळातल्या माणसानं मला बुडवलं असंपण नाही. डिस्ट्रिब्यूटर न खपलेला माल परत घ्यायचा नाही. जी गेम पोरांना पाहिजे ती चार महिने यायची नाही, जी नको तिचे दहा पीस गळ्यात. एका ओरिजिनलमागं १००-१२५ सुटायचे, ते महिन्यातनं दोनदा. भाडं तर दर महिन्याला. शेवटी २०११ च्या दिवाळीत मीपण ती बॅटरी आणली. दिवसाला २०० सुटायला लागले. आधी वर्षभर त्या बोळातल्याला शिव्या घालत होतो, नंतर दोघं एकाच टपरीवर चहा प्यायचो.

तेव्हा कुणाचं बुडालं ते मला विचारू नका, मी दोन्ही बाजूला होतो. 'देसी अड्डा'चे तीन पीस अजून सीलबंद पडलेत.

पोवईनाका:

काका, साष्टांग नमस्कार. हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढं टाइपलंच नसतं.

आयर्विन_पूल:

ह्यालाच दुकान म्हणत होतो मी. +१.

भडंग_कोरडं:

काका, त्यातली एक मला द्या. रविवारी येतो, कुठं यायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

शटर_खाली:

या. पण एमआरपी घेणार.

भडंग_कोरडं:

घ्या की. चालंल का मात्र सांगता येत नाही. यूएमडीचं झाकण आत्ता बघितलं, ते घट्ट बसलंय. आजपर्यंत कधी उघडायची वेळच आली नव्हती.