निविदेत एकाच डेटाबेसचं नाव, वर पेटंटची हमी: काय करावं?

घरपट्टी_लातूर
लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेची घरपट्टी-पाणीपट्टी प्रणालीची निविदा आहे. डेटाबेस म्हणून एका कंपनीचं उत्पादन नावानिशी छापलंय, 'किंवा समतुल्य' नाही. आमचं सगळं पोस्टग्रेस डेटाबेस आणि लिनक्सवर, म्हणजे ओपन सोर्सवर (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो). शिवाय 'कोणत्याही पेटंट दाव्याची संपूर्ण जबाबदारी पुरवठादाराची' असं कलम. केंद्राचं ओपन सोर्स धोरण दाखवून भागेल का?

मांजराकाठ
नुसतं दाखवून नाही भागणार. 2015 चं ते धोरण केंद्राच्या कार्यालयांसाठी; राज्यांना मुभा आहे, सक्ती नाही. 'धोरणाचा भंग' लिहिलं की 'आम्हाला लागू नाही' एवढंच उत्तर येतं. प्री-बिडच्या (निविदा भरण्याआधीच्या शंका-बैठकीच्या) मुदतीत लेखी शंका टाका: कलम क्रमांक, आत्ताचा मजकूर, सुचवलेला मजकूर. मागणी एकच, उत्पादनाच्या नावाऐवजी गरज लिहा: मालमत्ता किती, एका वेळी वापरकर्ते किती, बॅकअप किती वेळात उभा राहिला पाहिजे. धोरणातले निकष (क्षमता, सुरक्षा, आयुष्यभराचा खर्च, सपोर्ट) आधाराला द्या. 'फुकट आहे' हे मात्र बोलूच नका. 'मग बंद पडलं तर येणार कोण?' हा प्रश्न ठरलेला. आणि शुद्धिपत्रक निघालं तरच खरं. बैठकीतलं 'चालेल, चालेल' तांत्रिक छाननीत कुणी ऐकत नाही.

तीन_के
पेटंट कायद्याच्या कलम 3(के) प्रमाणे संगणक प्रोग्रॅम 'पर से', म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम म्हणून, शोध ठरत नाही. 2004 च्या अध्यादेशाने यात फट पाडली होती, 2005 मध्ये संसदेने ती ठेवली नाही. पण त्या 'पर से'मुळेच तांत्रिक परिणाम दाखवून पेटंटं मिळतात, तेव्हा 'भारतात सॉफ्टवेअर पेटंट नाहीच' असं लिहून देऊ नका. तुम्ही द्यायची हमी तुम्ही लिहिलेल्या कोडपुरतीच ठेवायला सांगा, रक्कम कंत्राटाच्या किमतीपर्यंत, आणि दावा आल्यावर ठरावीक दिवसांत तुम्हाला कळवायची अट. अपाची 2.0 या ओपन सोर्स लायसनमध्ये पेटंटचा परवाना स्पष्ट आहे; एमआयटी आणि पोस्टग्रेसच्या लायसनमध्ये त्यावर अक्षर नाही. म्हणून लायब्ररी (वापरलेला दुसऱ्यांचा तयार कोड), आवृत्ती, लायसन अशी यादी आधीच करा.

घरपट्टी_लातूर
जुन्या नोंदी बिगर-युनिकोड फॉन्टात आहेत. त्याचं?

मांजराकाठ
खरं दुखणं ते. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. 'कुऱ्हाडे', 'धर्माधिकारी' अशी नावं वेचून हाताने तपासा, मगच सगळं युनिकोडमध्ये फिरवा. कोलेशन (नावं क्रमाने लावायचे नियम) आयसीयू या युनिकोड लायब्ररीतलं मराठीचं घ्या. अक्षरांच्या युनिकोड क्रमांकाने लावलं तर 'काळे' हे 'कावळे'च्या आधी येतं. मराठी क्रमात ते 'कासार'च्याही नंतर हवं, आणि वसुली कारकून पहिल्याच दिवशी तेच शोधतो.